हरित परिसर प्रकल्प, इंदूर : कामाच्या नोंदी (ऑगस्ट 2023 ते जुलै 2024)

7 ऑगस्ट 2023

विद्यापीठाच्या हरित परिसर समितीची पहिली बैठक आज झाली आणि नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. अधिकृत इतिवृत्त हिंदीत निघेलच; हे टिपण मात्र समितीतील आम्हा मराठी मंडळींच्या वापरासाठी आहे, त्यामुळे इतिवृत्तात ज्याला जागा मिळत नाही ते येथे लिहिण्यास हरकत नाही.

बैठकीपुढे एकच विषय होता : ‘शाश्वतता धोरण’ कागदावर आणणे. मसुदा तयारच होता आणि भाषाही चांगली होती. असे जाहीरनामे जगात नवे नाहीत. 1990 मध्ये फ्रान्समधील तालुआर येथे 22 विद्यापीठ-प्रमुखांनी दहा कलमी घोषणापत्रावर सह्या केल्या आणि पुढे त्यात पाचशेहून अधिक संस्था सामील झाल्या. सही करण्यास पैसा लागत नाही, म्हणून विकसनशील देशांतील विद्यापीठांनीही ती उत्साहाने केली. सहीनंतरच्या कामासाठी जो पैसा, जी माणसे आणि जी मोजमापे लागतात त्यांची सोय घोषणापत्रात नसते. समितीवर निमंत्रित म्हणून असलेले निवृत्त कार्यकारी अभियंता, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी मसुदा वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाले, “धोरण नंतर पाहू. मागच्या तीन वर्षांची विजेची बिले आणा.” धोरणाचा मसुदा शेवटी लिहावा असे ठरले. हा निर्णय मला योग्य वाटतो.

24 ऑगस्ट 2023

बिले लेखा विभागात मिळाली, परंतु ती कोणी वाचलेली नव्हती. ती येतात, प्रमाणित होतात आणि मुदतीत भरली जातात. संपूर्ण परिसराला उच्चदाबाची एकच जोडणी आणि एकच मीटर असल्यामुळे कोणत्या विभागाने किती वीज वापरली हे कोणालाही सांगता येत नाही. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृहे आणि कर्मचारी निवासस्थाने सगळी एकाच आकड्यात बसतात. ज्याचा वापर मोजला जात नाही त्याला काटकसर करण्याचे कारण नाही, आणि जो बिल भरतो त्या लेखाधिकाऱ्याच्या हातात पंख्याचे बटण नाही.

काकांनी बिलातील ज्या रकान्यावर बोट ठेवले तो युनिटांचा नसून कॉन्ट्रॅक्ट डिमांडचा, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज लागेल याच्या कराराचा, होता. मध्य प्रदेशातील उच्चदाब दरपत्रकाप्रमाणे प्रत्यक्ष कमाल मागणी किंवा कराराच्या 90 टक्के मागणी, यांतील जे अधिक असेल त्यावर आकारणी होते. उदाहरणादाखल, करार 500 केव्हीएचा (केव्हीए हे मागणीचे एकक) असेल आणि प्रत्यक्ष मागणी 380 च्या वर कधीच जात नसेल, तरी दरमहा 450 चेच पैसे जातात. अशा स्थितीत वर्गातील सगळे दिवे एलईडी केले तरी बिलाचा हा भाग तसूभरही हलत नाही. परिसरात दरवर्षी साजरा होणारा ऊर्जा संवर्धन सप्ताह आणि ही एक ओळ यांची गाठ आजवर कधी पडलेली नाही.

पहिली शिफारस : प्रत्येक इमारतीला उपमीटर. दुसरी : कमाल मागणीची बारा महिन्यांची नोंद पाहून करार कमी करण्याचा अर्ज. छायाचित्र काढण्याजोगे यात काहीही नाही, याची समितीतील एका सदस्याने हळूच आठवण करून दिली.

18 सप्टेंबर 2023

ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला आणि गेल्या दोन-तीन दिवसांत पावसाने शहर धुऊन काढले. विज्ञान भवनामागे गुडघाभर पाणी साचले होते, आणि त्याच वेळी मुलींच्या वसतिगृहासाठी टँकर मागवावा लागला, कारण पंपघरात पाणी शिरल्यामुळे मोटर बंद होती.

यानिमित्ताने पाण्याचा हिशेब मांडला. एक हजार चौरस मीटर गच्चीवर वर्षाला सुमारे 950 मिलिमीटर पाऊस धरला आणि वाटेतली गळती वजा करून 80 टक्के पाणी हाती येते असे मानले, तर सात लाख 60 हजार लिटर होते. जमिनीत ते मुरवणे मात्र माळव्यात दिसते तितके सोपे नाही. वर काळी चिकण माती आणि खाली बेसाल्ट; ही माती पहिल्या पावसात फुगते आणि तिच्या भेगा बंद होतात, त्यानंतर पाणी वरून वाहते. म्हणून नुसता खड्डा खणून ‘पुनर्भरण’ अशी पाटी लावण्यात अर्थ नाही. वाळू-खडीची गाळणी, पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडणारी तोटी आणि खालच्या भेगाळलेल्या खडकापर्यंत जाणारी विंधण, हे तिन्ही लागते, आणि गाळणीतील वाळू दर मे महिन्यात काढून धुवावी लागते. परिसरात आधीच दोन पुनर्भरण खड्डे आहेत. दोन्ही गाळाने भरलेले आहेत, कारण ते बांधण्याचे काम एका योजनेत बसले आणि साफ करण्याचे काम कोणत्याही योजनेत बसले नाही.

शहराच्या पाण्याचा एक पैलू समितीत सहसा निघत नाही. इंदूरला नर्मदेचे पाणी 1978 पासून मिळते आणि ते मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून सुमारे 70 किलोमीटर अंतरावरून, विंध्याची चढण चढवून आणावे लागते. या उपशाचे वीजबिल इतके मोठे आहे की महापालिकेने याच वर्षी फेब्रुवारीत 244 कोटी रुपयांचे हरित रोखे थेट नागरिकांना विकून त्या भागात 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्याचे ठरवले. तेव्हा आमच्या परिसरात नर्मदेचे पाणी वाया गेले तर पाण्याबरोबर वीजही वाया जाते. गळक्या नळांची यादी याच दृष्टीने करावी, असे प्लंबरला सांगितले आहे. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी घालवतो.

वसतिगृहांतील आरओ यंत्रांचाही प्रश्न आहे. नर्मदेच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, आम्ही मोजला तो लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या बराच खाली आला. अशा पाण्याला आरओची गरज नाही. साधी गाळणी आणि अतिनील दिवा पुरतो. तरीही सर्व ठिकाणी आरओ बसवलेली आहेत आणि प्रत्येक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत जाते. पालक प्रवेशाच्या वेळी आरओ आहे का हे विचारतात, म्हणून ती काढणे अवघड आहे, असे रेक्टर म्हणाल्या. तूर्त टाकाऊ पाणी पिंपात साठवून फरशी पुसण्यासाठी वापरावे असे ठरले.

6 ऑक्टोबर 2023

पंख्यांचा हिशेब. जुना छताचा पंखा 75 वॉटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30 वॉटचा. फरक 45 वॉट. वर्गात पंखा दिवसाला सहा तास आणि वर्षाला 180 दिवस चालतो असे धरले तर वर्षाला जेमतेम 49 युनिट वाचतात. वसतिगृहात सोळा तास आणि 240 दिवस धरले तर 173 युनिट वाचतात. सात रुपये युनिट आणि तीन हजार रुपये पंखा धरल्यास वसतिगृहातला पंखा अडीच वर्षांत आपली किंमत फेडतो, वर्गातल्याला सुमारे नऊ वर्षे लागतात. जेथे पंखा जळून बदलावाच लागणार आहे तेथे फक्त किमतीतला फरक मोजायचा असल्याने हिशेब आणखी सोपा होतो.

प्रस्ताव आला होता तो मात्र सभागृह आणि प्रशासकीय भवनाचा, कारण बाहेरून येणारी समिती तेथे बसते. मी वरील दोन आकडे एका कागदावर लिहून कुलसचिवांकडे पाठवले. त्यांनी क्रम बदलला. सांगण्यासारखी गोष्ट ही की त्यांना हा हिशेब यापूर्वी कोणी दाखवलाच नव्हता.

खरेदीतील खरी अडचण निविदेत आहे. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर जो सर्वांत कमी दर देतो त्याच्याकडून माल घेणे बंधनकारक असते, आणि वस्तू पुढची दहा वर्षे किती वीज खाणार याचा विचार त्या दरात होत नाही. यातून वाट काढायची ती तांत्रिक विनिर्देशातूनच : पाच तारे, कमाल वॉट, किमान हवेचा झोत आणि हमीचा काळ आधीच लिहून ठेवले की कमी दराची स्पर्धा त्या चौकटीच्या आत होते. छताच्या पंख्यांना तारांकन जानेवारी 2023 पासून सक्तीचे झाल्यामुळे आता ही अट घालताना कोणी आक्षेप घेत नाही. भांडार शाखेतील कारकुनाला नमुना विनिर्देश करून दिले. या प्रकल्पातील सर्वांत टिकाऊ काम कदाचित हेच दोन पानांचे असेल, कारण समिती बदलली तरी भांडार शाखा जुनी फाईल काढून तिच्यावरूनच नवी निविदा तयार करते.

12 ऑक्टोबर 2023

विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता 9 तारखेपासून लागू झाली. नव्या निविदा डिसेंबरपर्यंत नाहीत. उपमीटरही थांबले.

21 नोव्हेंबर 2023

दिवाळीच्या सुट्टीत स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्या इंदूर अहवालाचे दोन्ही खंड पाहिले. होळकर दरबारासाठी लिहिलेला हा अहवाल 1918 साली प्रसिद्ध झाला. त्याची नगररचना सर्वांना माहीत आहे. दुसऱ्या खंडात इंदूर येथे स्थापावयाच्या मध्य भारत विद्यापीठाचा सविस्तर विचार आहे, हे मात्र शहरातील प्राध्यापकांनाही सहसा ठाऊक नसते. विद्यापीठाने आपल्या शहराचा आणि प्रदेशाचा अभ्यास करावा, त्याच्या आरोग्यात आणि बांधणीत हात घालावा, ही त्यांची भूमिका होती. पुढे 1919 मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले.

1917 च्या दिवाळीतील त्यांची मिरवणूक तर इंदूरकरांनी ऐकलेलीच असते. शहरात प्लेग होता. मिरवणूक ज्या वस्त्यांनी घरे आणि गल्ल्या सर्वाधिक स्वच्छ केल्या असतील त्यांच्यातून जाईल, असे जाहीर झाले आणि घराघरांत साफसफाई सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती आणि सफाई कामगार स्वच्छ कपड्यांत, हारतुऱ्यांनिशी चालत होते. आजच्या शहराच्या स्वच्छतेच्या अभिमानाचे मूळ तेथे शोधणे ओढूनताणून होईल. मला त्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने : मार्ग आधी जाहीर न करण्याच्या एका साध्या युक्तीने प्रत्येक गल्लीला स्वच्छ राहण्याचे स्वतःचे कारण मिळाले. आमच्या परिसरात कोणत्या विभागाला असे कारण आहे, हा प्रश्न मी समितीपुढे ठेवणार आहे. उपमीटर लागल्यावर वाचलेल्या रकमेतील निम्मा वाटा त्या विभागाच्या ग्रंथखरेदीला द्यावा, असा माझा प्रस्ताव आहे. वित्ताधिकारी म्हणतात की अर्थसंकल्पातील वीजखर्चाच्या शीर्षातील शिल्लक दुसऱ्या शीर्षाकडे वळवता येत नाही, आणि शिल्लक दिसली की पुढच्या वर्षीची तरतूद तेवढी कमी होते. हार्वर्डने याच कामासाठी 12 दशलक्ष डॉलरचा फिरता कर्जनिधी ठेवला आहे : विभागाने कर्ज घ्यावे, काम करावे आणि वाचलेल्या बिलातून ते फेडावे. आमच्याकडे अडचण पैशाच्या कमतरतेइतकीच, वाचलेला पैसा जागेवर राहू न देणाऱ्या नियमांची आहे.

8 डिसेंबर 2023

मेस. या विषयावर जेवढी भाषणे झाली आहेत तेवढी विजेवर झालेली नाहीत. भिंतींवर ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ लिहिलेले आहे आणि त्याच भिंतीखाली उष्ट्याचे पिंप असते.

आठवडाभर उष्टे आणि उरलेले अन्न वेगवेगळे तोलले. ताटात टाकलेल्यापेक्षा पातेल्यात उरलेले जास्त भरले, आणि तेही शनिवारी रात्री सर्वांत जास्त. मेसमधल्या मावशींना याचे नवल वाटले नाही. त्या म्हणाल्या, “ताई, शनिवारी पोरं सराफ्यात जातात. आम्हाला कोण सांगतं? आम्ही दोनशेंचं रांधतो.” पोह्या-जिलबीच्या आणि रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या सराफा या खाऊबाजाराच्या गावात मुलांना मेसच्या खिचडीला बांधून ठेवता येणार नाही, ती कोणत्या दिवशी येणार नाहीत एवढे आधी कळले तरी पुरते. जेवणाचा दर महिन्याचा ठोक असल्यामुळे न येण्याचे कळवण्यात मुलांना काही फायदा नव्हता. आता दुपारी चारपर्यंत नाव काढणाऱ्याला त्या जेवणाची सूट मिळेल आणि सूट दिलेल्या रकमेचा काही भाग कंत्राटदाराकडेच राहील, असे करारात घातले आहे. मावशींनी फळ्यावर आकडा लिहायचा. फलक, शपथ आणि प्रबोधन यांपैकी काहीही यात नाही.

16 जानेवारी 2024

स्वच्छ सर्वेक्षण 2023 चे निकाल 11 तारखेला लागले. इंदूर आणि सुरत संयुक्तपणे पहिले. 2017 पासून हे सातवे वर्ष. विद्यापीठात पेढे वाटले गेले, आणि त्याच दिवशी परिसरातच बायोगॅस संयंत्र बसवण्याचा जुना प्रस्ताव पुन्हा टेबलावर आला.

मी त्याला लेखी विरोध केला आहे. कारणे अशी. शंभर किलो ओल्या कचऱ्यातून आठ-दहा घनमीटर बायोगॅस मिळतो, म्हणजे जेमतेम चार किलो एलपीजीइतकी उष्णता. त्यासाठी रोज संयंत्रात योग्य प्रमाणात कालवण घालणारा, आम्लता पाहणारा आणि सुट्टीतही येणारा माणूस हवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मेस बंद झाली की जिवाणूंची उपासमार होते आणि जूनमध्ये सगळे नव्याने सुरू करावे लागते. दुसरीकडे शहरात देवगुराडिया येथे रोज 550 टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी 2022 पासून चालू आहे, त्याच्या गॅसवर शहरातील बस धावतात, आणि महापालिकेची गाडी सहा प्रकारे वेगळा केलेला कचरा दारातून नेते. ज्या शहरात ही सोय नाही तेथील विद्यापीठाने स्वतःचे संयंत्र जरूर बसवावे. येथे आम्ही कचरा नीट वेगळा करून दिला तर आमचे काम झाले.

याविरुद्धचा मुद्दाही नोंदवतो, कारण तो पोकळ नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 मोठ्या संस्थांना शक्य तेवढा ओला कचरा आपल्याच आवारात जिरवण्यास सांगतात. शिवाय मूल्यांकनाच्या अर्जात ‘संस्थेत बायोगॅस संयंत्र आहे काय’ या प्रश्नाला गुण असतात. ‘संस्था शहराच्या चांगल्या व्यवस्थेचा शहाणपणाने उपयोग करते काय’ असा प्रश्न नसतो. शेवटी मध्यम मार्ग निघाला : कडुनिंब, गुलमोहर आणि शिरीषाचा पालापाचोळा, जो वजनाने मेसच्या कचऱ्याहून कमी नाही, त्याचे खत आवारातच करायचे, मेसचा कचरा शहराला द्यायचा. पाला जाळणे त्याच दिवसापासून बंद.

30 जानेवारी 2024

नॅकने, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, मूल्यांकनाची पद्धत बदलून श्रेणीऐवजी ‘मान्यताप्राप्त’ किंवा ‘मान्यताप्राप्त नाही’ अशी द्विपर्यायी रचना आणण्याचे जाहीर केले आहे. त्यामुळे समितीत अस्वस्थता आहे आणि ती प्रामाणिक आहे. भारतातील विद्यापीठे या विषयाकडे वळली ती मुख्यतः तीन धक्क्यांनी. पहिला न्यायालयाचा : एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सर्व स्तरांवर देण्याचा आदेश दिला, आणि 2003 मध्ये पुन्हा बजावल्यावर पदवीसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम आला. दुसरा नॅकच्या सातव्या निकषाचा, ज्यात पर्यायी ऊर्जा, कचरा, जलसंधारण, हरित परिसर आणि ऊर्जा व पर्यावरण लेखापरीक्षण यांचे स्वतंत्र रकाने आहेत. तिसरा जागतिक क्रमवारीचा. इंडोनेशिया विद्यापीठाने 2010 मध्ये सुरू केलेल्या ग्रीनमेट्रिकमध्ये आता भारतीय संस्थाही हिरिरीने उतरतात. विकसनशील देशातील विद्यापीठाने काढलेली ही क्रमवारी जगाने स्वीकारली, याचे मला कौतुक आहे. अडचण इतकीच की बहुतेक प्रश्न ‘आहे काय’ या थाटाचे असतात. ते बंद पडून किती दिवस झाले, हे विचारले जात नाही. लेखापरीक्षणाचा दाखला देणाऱ्या सल्लागाराचे शुल्क दाखल्यासाठी असते. त्याच्या शिफारशींचे पुढे काय झाले हे पाहायला तो परत येत नाही.

9 फेब्रुवारी 2024

ई-कचरा. संगणक विभागाच्या माळ्यावर जुने मॉनिटर, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि प्रिंटर साठलेले आहेत. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये ते अजून जिवंत आहेत. ते काढायचे तर निर्लेखन समिती (जुन्या वस्तू नोंदीतून काढणारी) बसावी लागते, तिच्यावर तीन विभागांचे सदस्य हवेत, आणि एखादा सदस्य निवृत्त झाला की फाईल मागे फिरते. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे भांडार नियमांप्रमाणे भंगाराचा लिलाव होऊन सर्वाधिक बोली लावणाऱ्याला माल द्यावा लागतो, आणि सर्वाधिक बोली साहजिकच तोच लावतो जो तारा जाळून तांबे काढतो. नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याला प्रक्रियेचा खर्च असल्याने त्याचा दर कमी येतो. एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचा आधार घेऊन बोलीच केवळ नोंदणीकृत संस्थांपुरती मर्यादित करावी, असे टिपण दिले. लेखापरीक्षकांनी ‘कमी दराने विकले’ असा आक्षेप काढू नये म्हणून नियमाची प्रत फाईलमध्ये वरच लावली आहे.

11 मार्च 2024

सौर छतांबाबत निर्णय झाला. 200 किलोवॉटसाठी सावली नसलेली सुमारे दोन हजार चौरस मीटर गच्ची लागते; येथे एक किलोवॉट वर्षाला साधारण 1,400 युनिट देतो, म्हणजे एकूण दोन लाख 80 हजार युनिट. ग्रिडमधील दर युनिटामागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरल्यास वर्षाला 200 टनांच्या आसपास उत्सर्जन टळते.

पैसा कोठून आणायचा यावर बरीच चर्चा झाली. स्वतः खर्च केला तर सर्व लाभ आपला, परंतु भांडवली शीर्षात रक्कम नाही आणि ती मिळेपर्यंत दोन कुलगुरू बदलतील. रेस्को पद्धतीत कंपनी स्वतःच्या खर्चाने पॅनेल बसवते, 25 वर्षे सांभाळते आणि विद्यापीठ फक्त युनिटांचे पैसे देते. हा खर्च चालू वीजखर्चाच्या शीर्षातूनच जातो, म्हणून वित्त समितीने तो एका बैठकीत मान्य केला. केनियातील स्ट्रॅथमोर विद्यापीठाने 2014 मध्ये नैरोबीत गच्च्यांवर 600 किलोवॉट बसवले, तेव्हा त्यांनी कर्ज काढले आणि जास्तीची वीज राष्ट्रीय कंपनीला विकण्याचा करार केला. ते खाजगी विद्यापीठ असल्याने कर्ज काढण्यास मोकळे होते. आमच्यासारख्या राज्य विद्यापीठाला तशी मुभा सहज मिळत नाही, आणि रेस्को हा त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे.

करारात काकांनी तीन कलमे आग्रहाने घातली : गच्चीचे जलरोधन बिघडल्यास दुरुस्ती कोणाची, वर मजला चढवावा लागल्यास पॅनेल हलवण्याचा खर्च कोणाचा, आणि उन्हाळ्यातील धूळ किती दिवसांनी धुवायची व ते पाणी कोठले. एका सदस्याने भौतिकशास्त्र विभागापुढचे दोन कडुनिंब सावली पाडतात म्हणून काढण्याचे सुचवले. त्या गच्चीवर पॅनेलच लावू नयेत, असे ठरले.

18 मार्च 2024

लोकसभेची आचारसंहिता 16 तारखेपासून. करारावर सह्या जूननंतर.

23 एप्रिल 2024

आचारसंहितेच्या काळात जे निविदेविना होते ते केले. पर्यावरण अभ्यासाचा पेपर विद्यार्थी पाठ करतात आणि विसरतात; यूजीसीच्या 2023 च्या नव्या आराखड्यात त्याला चार श्रेयांक आहेत, त्यांतील क्षेत्रकार्य परिसरातच करून घेतले. आचारसंहितेपूर्वी बसलेले मोजके उपमीटर विद्यार्थ्यांच्या गटांना वाटून दिले, रोज ठरलेल्या वेळी वाचन. रविवारीही बरीच वीज जाते असे त्यांनी दाखवले. शोध घेतल्यावर रसायनशास्त्रातील कायम चालू असलेला एक्झॉस्ट, रिकामे पाणी-शीतक आणि एका कार्यालयात शुक्रवारी सुरू राहिलेला एसी सापडला. शीतक बंद ठेवायला वीस रुपयांचेही काम लागले नाही, फक्त चावी कोणाकडे हे ठरवावे लागले. एसींचे तापमान 24 अंशांवर ठेवण्याचे परिपत्रक निघाले. एका अंशाने सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगते. परिपत्रकानंतर रिमोट लपवले गेल्याच्या बातम्या आहेत.

21 जून 2024

राजगीर येथे नालंदा विद्यापीठाच्या नव्या परिसराचे उद्घाटन परवा झाले. शून्य ऊर्जा, शून्य पाणी, शून्य कचरा असा तो आखलेला आहे आणि छायाचित्रांतील तलाव पाहून समितीच्या गटावर बराच उत्साह आला. त्यांचे अभिनंदन. परंतु मोकळ्या जमिनीवर पहिल्या विटेपासून आखलेला परिसर आणि साठ वर्षांत तुकड्या-तुकड्यांनी वाढलेल्या इमारतींचा परिसर यांची तुलना करू नये. देशातील बहुसंख्य विद्यार्थी दुसऱ्या प्रकारच्या इमारतींत शिकतात. तेथे नवे बांधण्याचे काम थोडे असते, जुने नीट चालवण्याचे पुष्कळ, आणि त्या कामाचे उद्घाटन होत नाही.

15 जुलै 2024

काल शहरात रेवती रेंजवर चोवीस तासांत बारा लाखांहून अधिक रोपे लावली गेली आणि गिनीज विक्रम झाला. आमच्या विद्यार्थ्यांनीही हौसेने भाग घेतला. आज विद्यापीठातही पाचशे रोपे लावण्याची सूचना आली. गतवर्षीच्या रोपांपैकी किती जगली याची मोजणी आधी करावी, अशी विनंती माळ्यांच्या मुकादमाने केली आणि ती समितीने मान्य केली. नवी रोपे यंदा तेवढीच लावायची जेवढ्यांना मे महिन्यात पाणी देता येईल, आणि प्रत्येक आळ्याची जबाबदारी एका माळ्याच्या नावे लिहायची.

29 जुलै 2024

रेस्को करारावर सह्या झाल्या. उरलेले उपमीटर बसले. कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी करण्याचा अर्ज मंजूर होण्याच्या मार्गावर आहे. मात्र ग्रंथालयाच्या नव्या वातानुकूलनामुळे कमाल मागणी वाढणार असल्याने काकांनी नव्या आकड्यात थोडी सवड ठेवली आहे, ती योग्य आहे. वाचलेल्या रकमेतून विभागांना वाटा देण्याचा प्रस्ताव वित्त समितीने फेटाळला. त्याऐवजी ‘देखभाल निधी’ असे वेगळे शीर्ष उघडून त्यात दरवर्षी ठरावीक रक्कम टाकण्यास संमती दिली. पुनर्भरण खड्ड्यांची वाळू धुणे, आरओच्या गाळण्या आणि उपमीटरांची तपासणी यातून होईल.

धोरणाचा मसुदा आता लिहायला घेतला आहे. पहिल्या परिच्छेदात घोषणा न घालता चार तक्ते घातले आहेत : वीज, पाणी, कचरा, खरेदी. प्रत्येक तक्त्यात काय मोजायचे, कोणी, कोणत्या रजिस्टरमध्ये, आणि तो माणूस रजेवर असेल तर कोणी. कुलसचिवांनी प्रस्तावना जोडण्यास सांगितले आहे. ती अर्ध्या पानाची होईल. ऑगस्टच्या बैठकीपूर्वी मुलींच्या वसतिगृहाचा पंप उंच चौथऱ्यावर घेण्याचे अंदाजपत्रक काकांकडून घ्यायचे आहे.